बिशपची खुर्ची आणि डोर्नकलचे अझरिया

चर्चगेटला रोज लाखो माणसं उतरतात, पण ज्या चर्चवरून हे नाव पडलं ते स्टेशनाच्या आसपास कुठेच नाही. त्यासाठी हुतात्मा चौक ओलांडून हॉर्निमन सर्कलच्या दिशेने चालत जावं लागतं. तिथलं सेंट थॉमस चर्च १७१८ साली उघडलं. फोर्टाच्या जुन्या तटबंदीतला जो दरवाजा या चर्चच्या रस्त्यावर होता, तो चर्चगेट. तट गेला, दरवाजा गेला, नाव लोकलच्या इंडिकेटरवर राहिलं.

याच चर्चला १८३७ पासून 'कथीड्रल' म्हणू लागले. इमारत मोठी झाली म्हणून नव्हे. मुंबईला त्या साली पहिला अँग्लिकन बिशप मिळाला, थॉमस कार, आणि त्याची खुर्ची या चर्चमध्ये आली. मूळ ग्रीक शब्द 'कॅथेड्रा', म्हणजे आसन, खुर्ची. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची असते ते कथीड्रल. बाकी कितीही भव्य बांधा, ते चर्चच.

ही खुर्ची म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे, हे समजून घ्यायचं तर एका माणसाची गोष्ट फार उपयोगी पडते. वेदनायगम सॅम्युएल अझरिया. भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. (मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, हेच नाव 'अजऱ्या' असं येतं, मी इथे दक्षिणेतलं रूप ठेवतो.) पण त्याआधी थोडं व्याकरण.

अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड आणि तिच्यातून जगभर निघालेल्या शाखा. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख राजा झाला. पुढे उपासना इंग्रजीत आली, धर्मगुरूंना लग्न करायची मुभा मिळाली. पण एक जुनी गोष्ट त्यांनी सोडली नाही: बिशप. डीकन, प्रिस्ट आणि बिशप अशा तीन पायऱ्या कायम राहिल्या. आपल्याकडचे प्रोटेस्टंट ज्यांना 'पाळक' म्हणतात ते साधारण मधल्या पायरीवरचे. ते बाप्तिस्मा देतात, उपदेश करतात, प्रभुभोजनाचा विधी चालवतात. दोन कामं मात्र फक्त बिशपची. बाप्तिस्मा झालेल्यांचं दृढीकरण (इंग्रजीत कन्फर्मेशन, श्रद्धा पक्की करण्याचा विधी), आणि नव्या पाळकांना दीक्षा. दोन्हीमध्ये बिशप समोरच्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो.

या हाताला इतकं महत्त्व का? कारण बिशपच्या डोक्यावरही आधीच्या बिशपांनी हात ठेवलेला असतो, रीतीप्रमाणे किमान तिघांनी. त्यांच्या डोक्यावर त्यांच्या आधीच्यांनी. ही साखळी मागे मागे जात थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत पोचते, असा दावा आहे. ख्याल गायकीत गंडा बांधलेला शागीर्द आपल्या घराण्याची नावं मागे मोजत नेतो ना, तसंच काहीसं. गळा कितीही गोड असो, 'तालीम कुणाची?' हा प्रश्न सुटत नाही. आणि घराण्यांप्रमाणेच इथेही एक दुसऱ्याला मानत नाही: १८९६ मध्ये पोप तेराव्या लिओने अँग्लिकनांच्या सगळ्या दीक्षा रद्दबातल असल्याचं जाहीर केलं. अँग्लिकनांनी अर्थातच ते मनावर घेतलं नाही.

म्हणजे बिशप हा एकाच वेळी साखळीतला दुवाही आहे आणि साहेबही. त्याच्या हाताखालच्या मुलखाला धर्मप्रांत म्हणतात, इंग्रजीत डायोसिस. तिथले पाळक त्याच्या परवानगीने काम करतात, त्याने बदली केली की जातात.

भारतात तर तो शब्दशः साहेबच होता. १८१३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात बिशप नेमायची सोय झाली आणि १८१४ मध्ये कलकत्त्याला पहिला बिशप आला, थॉमस मिडल्टन. नेमणूक राजाच्या सनदेने, पगार हिंदुस्थानच्या महसुलातून. हद्द इतकी ऐसपैस की पुढे काही वर्षं ऑस्ट्रेलियासुद्धा कलकत्त्याच्या बिशपकडे होता. पण सनद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते इथले गोरे लोक. त्यामुळे हिंदी माणसाला दीक्षा द्यायचा अधिकार आपल्याला आहे का, अशी शंका मिडल्टनना होती, आणि ती त्यांनी अखेरपर्यंत दिली नाही. त्यांच्यामागून आलेल्या रेजिनल्ड हेबर यांनी १८२४ मध्ये ख्रिश्चन डेव्हिड या तमिळ माणसाला दीक्षा दिली. साध्या पाळकाच्या पायरीसाठी ही कथा. बिशपच्या खुर्चीला अजून अठ्ठ्याऐंशी वर्षं होती.

अझरियांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ चा, तिरुनेलवेली भागातल्या वेल्लालनविलई या गावचा. वडील गावच्या मंडळीचे, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचे, पाळक, तेही हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले. जात नाडर. तेव्हा त्यांना शानार म्हणत. ताडाच्या झाडावर चढून रस काढणं हा त्यातल्या बहुतेकांचा धंदा, आणि मोठ्या देवळांची दारं त्यांना बंद. अझरियांनी मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण घेतलं, पण पदवी पदरात पडली नाही. १८९५ पासून ते वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सेक्रेटरी म्हणून दक्षिणभर फिरू लागले. १८९८ मध्ये अन्बू मरियम्माळ यांच्याशी लग्न झालं, हुंड्याशिवाय. त्या काळच्या तमिळ ख्रिस्ती समाजातही हे काही सरसकट होत नसे.

१९०२ मध्ये ते सिलोनला जाफन्याला गेले आणि तिथे एक गोष्ट त्यांना लागली. जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशाने धर्मप्रचाराचं काम चालवत होते. आणि आपली तिरुनेलवेलीची मंडळी, एवढी जुनी, एवढी मोठी, सगळ्याच बाबतींत विलायतेकडे बघत बसलेली. परत आल्यावर, १९०३ मध्ये, त्यांनी इंडियन मिशनरी सोसायटी काढली. नियम साधा: माणसं देशी, पैसा देशी. काम करायला जागा निवडली निजामाच्या राज्यातलं डोर्नकल. आजच्या तेलंगणातलं हे रेल्वेचं जंक्शन. भाषा तेलुगू, म्हणजे तिरुनेलवेलीच्या माणसाला परदेशच. काही वर्षांनी स्वतः अझरियाही तिथे गेले. १९०९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांनी दीक्षा घेतली, आणि डोर्नकलला सुरुवातीचा मुक्काम तंबूत केला.

मधेच एडिंबरोची गोष्ट सांगायला हवी, कारण अझरियांचं नाव जिथे निघतं तिथे ती निघतेच. जून १९१०. जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनांची परिषद. बाराशेच्या वर प्रतिनिधी, त्यात आशियातून आलेले वीससुद्धा नव्हते. अझरियांना बोलायला विषय मिळाला होता परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांमधलं सहकार्य. अशा विषयावर आभाराचं भाषण करायचं असतं. हे उभे राहिले आणि म्हणाले, आपल्यात दुरावा आहे, मोकळेपणा नाही, एकमेकांकडे येणंजाणं नाही. शेवट असा केला: भारतातली मंडळी मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या कृतज्ञ राहील. 'तुम्ही आपलं धन गरिबांच्या अन्नासाठी दिलंत. तुम्ही आपली शरीरं जाळण्यासाठी दिलीत. आम्ही प्रीतीही मागतो. आम्हाला मित्र द्या!'

वरवर हे गोड वाटतं. पण सभागृहातल्या प्रत्येकाला पवित्र शास्त्र पाठ होतं. धन देणं, शरीर जाळायला देणं हे शब्द पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातले आहेत, आणि तिथे वाक्य पुढे असं जातं: पण माझ्या ठायी प्रीती नसली तर मला काही लाभ नाही. म्हणजे आभार मानता मानता या पस्तिशीच्या माणसाने सगळ्यांना सांगून टाकलं की तुमचं केलंसवरलं जमेला धरायचं की नाही हे अजून ठरायचं आहे. काहींना राग आला. येणारच. मला स्वतःला हे त्यांचं सगळ्यात कसदार वाक्य वाटतं. अवतरणातच टोमणा, तोही न उच्चारता.

अझरियांना बिशपच्या खुर्चीपर्यंत पोचवायला एका इंग्रजाने पाठीशी उभं राहायचं ठरवलं होतं. हेन्री व्हाइटहेड, मद्रासचे बिशप (तत्त्वज्ञ आणि गणिती आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे थोरले भाऊ). त्यांचं म्हणणं होतं की तेलुगू मुलखात भारतीय बिशप हवा, आणि तो अझरियाच. विरोध दोन्हीकडून झाला. कित्येक मिशनरी म्हणाले, अजून वेळ आलेली नाही. वेळ कधी येणार हे अशा वेळी कुणी सांगत नाही. इकडे काही भारतीय ख्रिस्तींना जात आडवी आली. धर्म बदलला तरी शानाराच्या हातून दृढीकरण घ्यायचं म्हणजे फार झालं. शिवाय तमिळ माणूस तेलुगूंवर कशाला, हेही होतंच.

गंमत अशी की धर्मशास्त्रात अडचण काहीच नव्हती. बिशपचं वय तीस पूर्ण हवं, ह्यांचं अडतीस. चारित्र्य, अभ्यास, अनुभव, कशाला बोट लावायला जागा नाही. खरा प्रश्न होता: गोरा पाळक काळ्या बिशपच्या आज्ञेत राहील का? त्याच्यापुढे गुडघे टेकेल का?

यावर निघालेली तोड अगदी सरकारी कचेरीत शोभेल अशी होती. मद्रासच्या बिशपच्या हाताखालचा एक लहानसा तुकडा काढायचा, तोही निजामाच्या मुलखातला, म्हणजे कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर. तो डोर्नकलचा धर्मप्रांत. तिथे सरकारी पगाराचे गोरे पाद्री आणि लष्करी छावण्यांची चर्चं यांचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शेजारच्या ब्रिटिश मुलखातलं काही काम ते करतील, पण मद्रासच्या बिशपने नेमून दिलं म्हणून, त्याच्या वतीने. खुर्ची खरी, पण आधी कोपऱ्यात मांडलेली.

२९ डिसेंबर १९१२, रविवार. कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कथीड्रलमध्ये अझरियांच्या डोक्यावर बिशपांनी हात ठेवले. सगळे गोरे. त्या साखळीत भारतीय दुवा असा पहिल्यांदा जोडला गेला. कोपऱ्यातली खुर्चीही हळूहळू मधे सरकली. १९२० मध्ये धर्मप्रांत वाढला, कृष्णा जिल्ह्यासारखे ब्रिटिश हिंदुस्थानातले मोठे तेलुगू भाग त्यात आले, आणि त्याबरोबर तिथले इंग्रज मिशनरीही.

बिशप म्हटलं की उंच टोपी आणि दंड घेतलेली मूर्ती डोळ्यांपुढे येते. अझरियांचे दिवस गेले बैलगाडीत आणि सायकलवर. बरोबर अन्बूताई. गावोगावी वस्ती बहुतेक माला आणि मादिगा या तेव्हाच्या अस्पृश्य जातींची, गावकुसाबाहेरची. लोक त्यांना 'तंड्रिगारू' म्हणत, म्हणजे वडील, बाबा. त्यांच्या उपदेशात चार भुतं ठरलेली असत: घाण, रोगराई, कर्ज आणि दारू. म्हणजे आठवडाभर मोक्षाच्या आधी विहीर, आंघोळ, सावकार आणि ताडीचा गुत्ता.

एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. बाप्तिस्मा झाला की ते नव्या ख्रिस्तींना सांगत, आपला हात स्वतःच्याच डोक्यावर ठेवा, आणि माझ्यामागून म्हणा: 'मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे. मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा होणार!' आता वर सांगितलेलं आठवा. डोक्यावर हात ठेवणं ही बिशपची खूण, साखळीची खूण. इथे ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जायचा तो शेतमजूर स्वतःच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतोय. हे अझरियांनी जाणून केलं की कसं, ते असो. दृश्य मात्र तेच आहे.

ही मंडळी झपाट्याने वाढली. १९१२ मध्ये पन्नास हजारांच्या आसपास असलेली संख्या १९४० च्या सुमाराला सव्वादोन लाखांच्या घरात गेली. आणि इथेच गांधीजींशी वाजलं. गांधीजी 'हरिजन'मधून लिहीत होते की अस्पृश्यांची अशी गावच्या गावं धर्मांतरित करणं बरोबर नाही. मिशनऱ्यांनी सेवा करावी आणि तिथेच थांबावं. अझरियांचं उत्तर असं की शाळा-दवाखान्याने हे लोक बदललेले नाहीत, श्रद्धेने बदलले, आणि ते वगळून उरलेलं घ्या म्हणणं म्हणजे त्यांना स्वतःचं मन नाही असं म्हणणं. दोन्ही बाजूंनी आजही लोक हिरिरीने भांडतात. एक गोष्ट मात्र या भांडणात हमखास विसरली जाते: ख्रिस्तींना वेगळे मतदारसंघ द्यायला अझरियांचा ठाम विरोध होता. मंडळीचं रूपांतर सवलती मागणाऱ्या जमातीत होईल, असं ते म्हणत. म्हणजे 'डोकी मोजण्यासाठी धर्मांतर' हा आरोप ज्यांच्यावर झाला, तेच डोक्यांच्या राजकारणाला नको म्हणत होते.

महाराष्ट्राशी त्यांचा धागा जुळतो तो इथे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर सगळ्या धर्मांची मंडळी त्यांच्याशी बोलू लागली, अझरियाही बोलले. त्या बोलण्याची आठवण अशी नोंदली गेली आहे की आंबेडकरांनी विचारलं: आमचे लोक आज देशभर एक आहेत. आम्ही ख्रिस्ती झालो तर कुठल्या चर्चमध्ये जायचं? एका जिल्ह्यात अँग्लिकन, दुसऱ्यात मेथडिस्ट, तिसऱ्यात बाप्टिस्ट. आमची एकी टिकेल का? अझरिया पुढे म्हणत, माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आणि इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ही लाज एका जुन्या जखमेवर बसली होती. १९१९ च्या मे महिन्यात तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला वेगवेगळ्या चर्चचे तेहतीस पाळक जमले होते, दोन सोडून सगळे भारतीय, आणि अझरिया त्यांतले प्रमुख. त्यांचं म्हणणं होतं की आपल्यातली ही विभागणी विलायतेतल्या भांडणांची आहे, ती आपण का वागवायची? सगळ्यांनी एक व्हावं. सगळं पटकन पटलं आणि एका गोष्टीवर अडलं. कुठल्या, ते ओळखता येईल: बिशप.

प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळींत बिशप नसतो. तिथे पाळकाला इतर पाळक मिळून दीक्षा देतात. अँग्लिकन म्हणत, तुमच्या डोक्यावर बिशपचा हात नाही, तेव्हा एक होण्याआधी तो ठेवून घ्या. समोरचे म्हणत, म्हणजे आम्ही वीस वर्षं केलं ते खोटं? दोघांचंही खरं होतं. वाटाघाटी अठ्ठावीस वर्षं चालल्या, समित्या आल्या, समित्या गेल्या. दरम्यान १९३० मध्ये हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. निदान दर गोष्टीला लंडनची सही लागेनाशी झाली. अखेर तोडगा असा निघाला: आज जे पाळक आहेत ते आहेत तसे मान्य, कुणाच्या डोक्यावर पुन्हा हात नाही. इथून पुढची प्रत्येक दीक्षा मात्र बिशपच्या हातून. एक पिढी गेली की साखळी आपोआप सगळ्यांची होईल.

डोर्नकलचं कथीड्रल ६ जानेवारी १९३९ ला उपासनेसाठी अर्पण झालं. घुमट आणि मिनार मशिदीसारखे, खांब दक्षिणेतल्या देवळाचे, आणि क्रूस कमळातून वर आलेला. आपल्या सेंट थॉमसशेजारी ते ठेवून बघा.

१ जानेवारी १९४५ ला डोर्नकललाच अझरिया वारले. अखेरपर्यंत स्वतःचा धर्मप्रांत असलेले ते एकटेच भारतीय अँग्लिकन बिशप होते. बत्तीस वर्षांत दुसरी खुर्ची मांडली गेली नव्हती. त्याच महिन्यात अँग्लिकन चर्चच्या सर्वसाधारण परिषदेने एकत्रीकरणाला मान्यता दिली. २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासच्या सेंट जॉर्जेस कथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया उभं राहिलं, आणि त्या दिवशी दीक्षा घेतलेल्या नऊ नव्या बिशपांत स्कॉटलंडच्या बिनबिशपी परंपरेतले लेस्ली न्यूबिगिनही होते. उत्तरेत हेच घडायला १९७० उजाडलं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपूरला झाली, आणि चर्चगेटचं ते सेंट थॉमस आज त्याच चर्चच्या मुंबई धर्मप्रांतात आहे.

आणि डोर्नकलची खुर्ची? अझरियांच्या मागून तिच्यावर बसले अँथनी एलियट. जन्माने गोरे. त्याआधी ते त्याच धर्मप्रांतात सहायक बिशप होते, अझरियांच्या हाताखाली.